चांदूर रेल्वेची जुडी

अमरावती जिल्ह्यातील तमाम सुजाण नागरिकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या जिल्ह्यातील पाच तालुके संगणकाच्या दृष्टीने सदोष आहेत. चांदूर रेल्वे, चांदूर बाजार, धामणगाव रेल्वे, नांदगाव खंडेश्वर आणि अंजनगाव सुर्जी. दोष तेथील रस्त्यांत नाही, पाण्यात नाही, माणसांत तर अजिबातच नाही. दोष त्यांच्या नावाच्या मधोमध आहे आणि तो म्हणजे एक मोकळी जागा. सदर जागेबाबत कोणीही घाबरून जाऊ नये.

ही सूचना माझी नाही. ती शब्दन् शब्द गुल्हानेभाऊंची आहे. ऑफिसात नवा माणूस आला की ते त्याच्यासमोर उभे राहत, चहाचा कप छातीशी धरत आणि दवंडी दिल्यासारखी ती म्हणत. मी फक्त पाठ केली. गणपतीतल्या नाटकांत कामं केल्यामुळे पाठांतराचा मला रियाज आहे आणि त्याच कारणाने भाऊ मला नावाने कधी हाक मारत नसत. मी त्यांचा 'नाटकवाला'.

आता ही दवंडी ऑफिसात कोणी देत नाही. निवृत्त झाल्यावर चारच महिन्यांत, शेवंती बाजारात यायच्या सुमाराला, भाऊ गेले.

अमरावतीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. काम साधं. गावोगावच्या शाळांतली दाखल-खारीज रजिस्टरं आणायची, पान न् पान स्कॅन करायचं, रजिस्टर शाळेला परत करायचं आणि स्कॅन केलेली पानं अकोल्याच्या मोठ्या मशीनवर पाठवायची. आजोबांच्या जन्मतारखेचा पुरावा हवा म्हणून माणसं कुठून कुठून येतात, तेव्हा त्या पिवळ्या पानाची किंमत कळते. प्रत्येक गावाचा संगणकात एक फोल्डर आणि फोल्डरवर गावाचं नाव. रोज संध्याकाळी हे फोल्डर अकोल्याला रवाना करायचे हुकूम भाऊंनी एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवले होते. ती स्क्रिप्ट आपली आपण चालायची.

भाऊ माळ्याच्या घरातले. बडनेऱ्याच्या बाजूला त्यांचा आणि धाकट्या भावाचा मळा होता. थोडा भाजीपाला, बाकी शेवंती. पहाटे उठून शेवंतीच्या वाफ्यांत तास-दीड तास काढायचा, मग आंघोळ करून दहाच्या ठोक्याला ऑफिस. नखांत माती असे आणि तीच बोटं की-बोर्डवर इतकी हलकी चालत की आवाजही येत नसे. खिशात पेन असेल याची खात्री नाही, पण केळीच्या सोपटाचा वाळलेला धागा हमखास. त्या धाग्याने ते काय बांधत नसत? वायरी बांधत, पेन्सिली बांधत, डब्याचं झाकण बांधत. स्टोअरमधून केबल मागवली तर ती मेथीसारखी जुडी बांधून हातात येई. एकदा मॅनेजर साहेबांच्या चष्म्याची काडी निखळली, तेव्हा भाऊंनी तिलाही दोन वेढे घालून दिले. साहेब महिनाभर तसाच चष्मा घालून फिरले. काडी परत सुटली नाही.

माझा तिथला पहिला आठवडा. मी मोठ्या ऐटीत एक हुकूम लिहिला. फोल्डरांची यादी मागव आणि यादीतलं एकेक नाव धरून पाठव. संगणकाने उत्तर दिलं की 'चांदूर' नावाचं काही सापडत नाही. पुढच्या ओळीत त्याने कळवलं की 'रेल्वे' नावाचंही काही सापडत नाही. मी भाऊंना हाक मारली. ते आले, वाकून पाहिलं, हसले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून दोन जुड्या मेथीच्या आणि एक सांभाराची काढून माझ्या टेबलावर ठेवली. सांभार म्हणजे कोथिंबीर. हे पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगितलं, नाहीतर ते इडली शोधत बसतील.

"किती हाय?" भाऊंनी विचारलं.

"तीन."

त्यांनी तिन्ही धागे सोडले, सगळी भाजी दोन्ही हातांनी एकत्र केली आणि ढीग माझ्यापुढे सरकवला.

"आता किती हाय?"

"आता कसं सांगू भाऊ?"

"हे शेल बी तेच म्हणून राहिली बाप्पा." काळ्या पडद्यावर आपण टाइप केलेले हुकूम जी वाचते तिला शेल म्हणतात. भाऊ तिच्याबद्दल नेहमी घरातल्या एखाद्या भोळ्या सुनेसारखं बोलत. "तू यादी मागतली, तिनं आणून देल्ली. तिची काही चूक नाही. पण आणता आणता धागे सुटले न्. मंग जिथं मोकळी जागा दिसली तिथं तिनं तोडलं. चांदूर एक काडी, रेल्वे दुसरी काडी. हे दोघं एका जुडीतले हाय, हे तिले कोण सांगन?"

मग त्यांनी ढिगातून मेथी वेगळी केली, जुडी जुळवली, दातांत धागा धरून वेढा दिला. "नावाच्या दोन्ही बाजूले अवतरणचिन्हं टाकाची. हा धागा. धागा बांधल्याबिगर टोपल्यात टाकाचं नाही. आन् यादी वाचाची त सारा ढीग एकदम उचलू नको. एक ओळ घे, तिचं काम कर, ते पोचलं का पाह्य, मंग दुसरी घे."

एवढ्यात मॅनेजर साहेब दारात आले. त्यांनी नाक वर केलं.

"इथे भाजी कोण निवडतंय?"

"फाइला निवडून राहिलो सर," भाऊ म्हणाले आणि सांभाराची जुडी साहेबांच्या हातात दिली. साहेब ती घरी घेऊन गेले.

नाव अर्धवट घेतलेलं भाऊंना खपत नसे. एकदा आम्ही रजिस्टरं आणायला एसटीने निघालो होतो. मी कंडक्टरला म्हटलं, "दोन चांदूर." कंडक्टर तिकिटाचं मशीन थांबवून म्हणाला, "बाजार का रेल्वे?" भाऊंनी माझ्या बरगडीत कोपर मारलं. त्यांचा चेहरा असा फुलला होता की कंडक्टरला वाटलं, आपलं काही चुकलं. "नाही नाही भाऊसाहेब," भाऊ त्याला म्हणाले, "तुमचं एकदम बरोबर हाय. आमच्या मशीनले हे इचाराची अक्कल नाही, तुमच्या मशीनले हाय." मग त्या बिचाऱ्याला उभ्या उभ्या, हलत्या गाडीत, शेलचा सगळा कारभार समजावून सांगितला. कंडक्टरने ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मंग काय देऊ, बाजार का रेल्वे?"

पुण्याहून एक प्रशिक्षक साहेब आले होते, हसऱ्या चेहऱ्याचे, स्वच्छ बुटांचे. त्यांनी पाच मिनिटांत आमचा प्रश्न सोडवला. म्हणाले, मोकळ्या जागेऐवजी अंडरस्कोर टाका, दोन शब्दांच्या मध्ये खाली एक रेघ, विषय संपला. सगळ्यांनी माना हलवल्या. जगभर असंच करतात, हे खरंच आहे. भाऊ मागे उभे होते.

"साहेब, गावानं काय गुन्हा केला?"

"म्हणजे?"

"नाही, चूक आपली. आपल्याले नाव धरता येत नाही. आन् नाव गावानं बदलाचं?"

साहेब हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी स्क्रिप्ट तशीच ठेवली. ती एकेक ओळ उचलायची, नाव पूर्ण धरायची, फोल्डर पाठवायची, अकोल्यात पोहोचल्याची खात्री करायची आणि मगच इकडचा फोल्डर पुसायची. चार वर्षं ती चालली. धामणगाव रेल्वे धामणगाव रेल्वे म्हणूनच अकोल्याला पोहोचत राहिलं.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कोणाचंही काम फसलं तरी 'कोणी केलं' हे ते विचारत नसत. ते विचारत, "कुठून तुटलं?" आमच्यापैकी एकाने एकदा अकोटची सगळी पानं उलटी स्कॅन केली. भाऊ दुपारभर त्याच्याशेजारी बसून पानं सुलटी करत राहिले आणि उठताना म्हणाले, "अकोटवाल्याइच्या माना वाचल्या." कोणी केलं, हे त्यांना पहिल्या मिनिटाला कळलेलं असे. विचारायची गरज नसे. निदान माझा तसा समज आहे, आणि त्या समजाने मला पुढे फार छळलं.

तर चार वर्षांनी दसऱ्याच्या तोंडावर भाऊंनी पाच दिवसांची रजा घेतली. शेवंती तोडणीला आली होती आणि धाकट्या भावाचा हात मोडला होता. जाताना म्हणाले, "नाटकवाल्या, सारं चालू हाय. त्याले काही करू नको."

मी केलं. का केलं याचं उत्तम, टाळ्या घेणारं उत्तर मी अनेकदा रचून पाहिलं आहे. खरं उत्तर असं की नागपूरहून मालक येणार होते आणि मला त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. भाऊंची स्क्रिप्ट लांबलचक होती. मला वाटलं, एवढं लांब कशाला? मी ती एका ओळीत बसवली. यादी मागव, एकेक पाठव, शेवटी सगळं पुसून टाक. अवतरणचिन्हं मला टापटिपीच्या आड येणारी वाटली, काढली. चालवून पाहिली तर पडद्यावर तक्रारींच्या दोन-चार ओळी आल्या. त्या दिसायला वाईट दिसत होत्या, म्हणून हुकुमाच्या शेवटी एक छोटं शेपूट जोडलं. ते जोडलं की तक्रारी पडद्यावर येतच नाहीत, कुठेतरी परस्पर विरून जातात. पडदा स्वच्छ झाला. मालक आले, पाहिलं, म्हणाले, "छान, वेगवान आहे." वेगवान असणारच. निम्मा माल गाडीत चढतच नव्हता.

भाऊ सहाव्या दिवशी आले. बोटांना शेवंतीचा वास येत होता. आल्या आल्या त्यांनी आपल्या रजेत अकोल्यात पोहोचलेल्या फोल्डरांची नावं मागवली, पोहोच पाहणं ही त्यांची रोजची पद्धत. अकोट होतं. बडनेरा होतं. दर्यापूर, तिवसा, मोर्शी, सगळी एका शब्दाची गावं सुखरूप होती. दोन शब्दांची पाचही गावं नव्हती. इकडे पाहिलं, तर इकडेही नव्हती. रजिस्टरं शाळांना परत गेली होती.

भाऊंनी स्क्रिप्ट उघडली. मी त्यांच्या मागे, तीन पावलांवर उभा होतो. त्यांनी ती एक ओळ वाचली. मग परत वाचली. मान वळवून माझ्याकडे पाहतील म्हणून मी वाट पाहत होतो आणि पाहू नये म्हणून प्रार्थना करत होतो. त्यांनी पाहिलं नाही. फक्त एवढंच म्हणाले, "इथून तुटलं."

मॅनेजरच्या खोलीत आम्ही चौघं होतो. साहेबांनी विचारलं, "स्क्रिप्टला कोणी हात लावला?" मी जन्मात रंगमंचावर वाक्य विसरलो नव्हतो, त्या दिवशी विसरलो. दोन क्षण गेले असतील, फार तर तीन.

"स्क्रिप्ट माही हाय," भाऊ म्हणाले.

"तुम्ही तर रजेवर होता."

"स्क्रिप्ट माहीच हाय, सर. लिहिताना कोणी तोडू शकन असं ठेवाले नाही पायजे होतं."

साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना मालकांना काहीतरी सांगायचं होतं. ते म्हणाले, "तेव्हाच अंडरस्कोर टाकले असते तर हे झालं असतं का?" टाकले असते तर झालं नसतं.

त्यांची बदली अकोल्याला झाली. त्यांच्या टेबलावर मला बसवण्यात आलं.

पुढच्या गोष्टी मी तुकड्यातुकड्यांनी ऐकत गेलो. त्यांनी मागितली ती एकच गोष्ट, की पाचही तालुक्यांची त्या दिवसांतली रजिस्टरं मीच पुन्हा आणून देतो. रविवारी ते एसटीने निघत, शाळेतल्या शिपायाला शोधून काढत, कुलूप उघडवत. सगळी परत मिळाली, एक सोडून. नांदगाव खंडेश्वरकडच्या एका शाळेने मधल्या काळात इमारत बदलली होती आणि त्या हलवाहलवीत एक रजिस्टर नाहीसं झालं. त्या शाळेचं नाव त्यांनी वहीत लिहून ठेवलं होतं. ऑफिसने नियम काढला की यापुढे प्रत्येक नावात अंडरस्कोर. जमा झालेल्या पाच गावांच्या नावांत ती खालची रेघ टाइप करायचं काम भाऊंनाच करावं लागलं. चांदूर, रेघ, रेल्वे.

आणि शेवंती गेली. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरायची तर पहाटेचा मळा जमेना. धाकट्याचा हात नीट झाला नव्हता, त्याने त्या वाफ्यांत दुसऱ्याला भागीदार घेतलं आणि त्या माणसाने सगळीकडे पानकोबी लावली. एकदा मी मुद्दाम तिकडून गेलो. जिथे दसऱ्याला पिवळंधमक असायचं तिथे कोबीचे गड्डे गप्प बसले होते.

मी अकोल्याला जात असे. भाऊ पूर्वीसारखेच भेटत. चहा पाजत, वायरींच्या जुड्या दाखवत, मी नकला केल्या की पोट धरून हसत. मी दर वेळी ठरवून जात असे आणि दर वेळी नकला करून परत येत असे. एकदा फोनवर सहज म्हणाले, "काय नाटकवाल्या, जुडी बांधून राहिला न् आता?" त्यातला 'आता' मी कितीतरी दिवस कानात उलटसुलट करून पाहिला. ते सगळ्यांनाच तसं विचारत असतील. किंवा नसतील.

निवृत्तीच्या दिवशी त्यांचा निरोप समारंभ अकोल्याच्या ऑफिसात दुपारी झाला. मी चार ओळी कागदावर लिहून नेल्या होत्या, कारण त्या ओळी मला पाठ होईनात. माझं नाव पुकारलं. उभा राहिलो, समोर भाऊ हार घालून बसलेले, शेजारी वहिनी. मी खिशात हात घातला, कागद लागला, आणि मी मेथी-सांभाराची गोष्ट सांगितली. काय सांगितली म्हणून सांगू! मॅनेजरचं नाक, भाऊंचं दातांत धरलेलं सोपट, कंडक्टर, सगळं. लोक टेबलं बडवत होते. वहिनींच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मला आयुष्यात इतकं यश कधी मिळालं नाही. बसलो तेव्हा कागद खिशातच होता, घामाने मऊ झालेला.

मग आम्ही स्टेशनवर आलो. त्यांना बडनेऱ्याची गाडी धरायची होती, मला बहिणीकडे अकोटला जायचं होतं, तरी मी पोहोचवायला आलो. वहिनी आधी चढून आत जाऊन बसल्या. भाऊंनी खिडकीशी बसून गळ्यातला हार काढला, दोरा तोडला आणि मांडीवर फुलं ओतली. सवयीने बोटं चालू झाली. पाच-सहा फुलं, देठ जुळवले, सोपटाचा वेढा. पुन्हा पाच-सहा.

"हे काय करता भाऊ?"

"शेजाऱ्याइले देतो न्. घरी सुटे नेले त अर्धे रस्त्यातच पडन." एक जुडी त्यांनी खिडकीच्या गजांतून माझ्या हातात दिली. मग बोटं थांबली. त्या दिवसांत ते असे बारीक झाले होते की चेहऱ्यात डोळेच काय ते उरले होते. ते माझ्याकडे पाहत राहिले. घाई नव्हती त्या पाहण्यात.

"काही सांगाचं राहिलं का तुहं?"

"छे हो भाऊ," मी म्हणालो. "मी कधी काही सांगायचं ठेवतो का?"

"नाही ठेवत," ते म्हणाले. हसले. "लय बोलते नाटकवाला."

गाडी हलली. त्यांनी हात वर केला, तो जुडी धरलेलाच. खिडकी पुढे गेली, दुसरी आली, तिसरी आली, मग कोणत्या खिडकीत ते आहेत हे कळेनासं झालं. शेवटचा डबा फलाटाच्या टोकाला गेला आणि तेव्हा कुठे माझ्या घशातून वाक्य बाहेर पडलं, चांगल्या खणखणीत आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असं.

"भाऊ, ती ओळ मी बदलली होती. तुमची स्क्रिप्ट मी तोडली."

बाकावर पेरूची टोपली घेऊन एक म्हातारी बाई बसली होती. तिने गाडी गेली तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या फुलांकडे.

"मंग त्याइले सांगा न् बापा," ती म्हणाली. "मले काहून सांगून राहिले?"